चतुरांचे डॉक्टर : कर्नल फ्रेझर

लहानपणी चतुराच्या शेपटीला दोरा बांधून तो उडवला नाही, असा आपल्यात क्वचितच कोणी सापडेल. ते पाप आम्हीही केले आहे. बसताना पंख पसरून ठेवतो तो चतुर आणि मिटून घेते ती टाचणी, एवढेच आमचे ज्ञान. त्यापुढे काही आहे हे निवृत्तीनंतर बेळगावजवळच्या चोर्ला घाटात फिरताना कळले आणि शोध घेताना एकच नाव पुन्हा पुन्हा समोर आले : फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर.

फ्रेझर यांचा जन्म १८८० सालचा. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले लष्करी डॉक्टर, लेफ्टनंट कर्नल या हुद्द्यापर्यंत चढलेले. चतुर हा त्यांच्या नोकरीचा भाग नव्हता. तरीही दवाखाना सांभाळून कोडगू, निलगिरी, पळणीचे डोंगर आणि मलबारचे ओढे त्यांनी पालथे घातले. १९१८ पासून मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतीय चतुरांवरची त्यांची लेखमाला येऊ लागली. ती पुढे वर्षानुवर्षे चालली. १९३३, १९३४ आणि १९३६ साली त्याच विषयावरचे तीन खंड ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत निघाले.

दुसऱ्या खंडातले गोम्फिडी हे कुळ आम्हाला फार आवडले. बहुतेक चतुरांचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात. या कुळात दोन डोळ्यांमध्ये चांगली मोकळी जागा असते. रंग काळा-पिवळा. पुष्कळांच्या शेपटीचे टोक गदेसारखे फुगलेले. मग पंखांच्या शिरा पाहायच्या : पुढच्या आणि मागच्या पंखातला त्रिकोण जवळपास सारखा आहे का? एवढे जुळले तर कुळ ठरले. जात ठरवायला मात्र नराच्या शेपटीच्या टोकाचे चिमटे भिंगाखाली बघावे लागतात. आम्ही बँकेत चेकवरची सही नमुन्याच्या कार्डाशी ताडून पाहायचो, तसेच हे काम. वरवर सारखे दिसते म्हणून सोडून दिले, की फसलात.

हे चतुर सापडणेही कठीण. अळ्या ओढ्याच्या वाळूत, गाळात पुरून राहतात. पंख फुटलेले चतुर पावसाच्या तोंडावर बाहेर पडतात, तेव्हा घाटात हिंडणारा विरळाच. फ्रेझर हिंडले. १९२३ साली या कुळातल्या एका जातीला त्यांनी कोडगूचेच नाव दिले, गोम्फिडिया कोडगुएन्सिस. त्यांनी वेगळ्या ठरवलेल्या काही जाती पुढे एकच निघाल्या, हेही सांगायला हवे. पण जो शेकड्यांनी जाती मांडतो, त्याच्याच हातून अशा चुका होणार.

आम्हाला त्यांच्याबद्दल खरा आदर वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. ऑस्ट्रेलियातले टिलयार्ड हे याच विषयातले थोर अभ्यासक. पंखांच्या शिरांवरून साऱ्या चतुर-टाचण्यांची नवी वर्गवारी ते करत होते. १९३७ साली मोटार अपघातात ते गेले. काम अर्धवट राहिले. फ्रेझर यांनी ते हाती घेतले आणि १९३८ ते १९४० या काळात छापून आणले, टिलयार्ड यांचे नाव पहिले ठेवून. स्वतःची सुधारित मांडणी त्यांनी १९५७ साली प्रसिद्ध केली, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी.

निवृत्तीनंतर ते इंग्लंडात बोर्नमथला राहिले. १९६३ साली त्यांचे निधन झाले. इतकी वर्षे लोटली तरी भारतात चतुर ओळखायला बसणारा माणूस अजून त्या तीन खंडांकडेच वळतो.

येत्या जूनमध्ये चोर्ल्याच्या ओढ्यावर काळा-पिवळा चतुर दिसला, तर आधी त्याचे डोळे पाहा.