खानोलकरांचा कर्करोग आणि सरकारचा पैसा

मुंबईत परळ येथे १९४१ साली टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले, तेव्हा तेथील प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. जन्म १८९५ सालचा, क्वेट्ट्याचा. लंडन विद्यापीठाची एम.डी. ही पदवी घेऊन ते स्वदेशी परतले आणि मुंबईच्या वैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्र शिकवू लागले. पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, पद्मभूषण, आंतरराष्ट्रीय कर्करोग संघाचे अध्यक्षपद हे सारे त्यांना लाभले. परंतु त्यांचे खरे मोठेपण या पदांत शोधू नये.

हिंदुस्थानात कर्करोग विरळा, तो पाश्चात्त्य सुधारणेचा रोग, असा समज त्या काळी डॉक्टरमंडळींतही बराच रूढ होता. खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली येणाऱ्या गाठींबरोबर त्या गाठी बाळगणारी माणसेही पाहिली : ती कोठून आली, काय नेसतात, काय चघळतात. १९४५ साली एका सहकाऱ्यासमवेत त्यांनी अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या नियतकालिकात भारतातील तीन निराळ्या कर्करोगांचे वर्णन प्रसिद्ध केले. धोतराची गाठ वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट आवळल्याने कमरेच्या त्वचेवर होणारा एक. तंबाखू-चुन्याची खैनी खालच्या ओठाआड धरून ठेवल्याने होणारा दुसरा. आणि आंध्र किनाऱ्यावर चुट्ट्याचे पेटते टोक तोंडात धरून ओढणाऱ्यांच्या टाळूला होणारा तिसरा. मुंबईतल्या मुंबईत पारशी स्त्रियांत स्तनाचा, तर हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अधिक आढळतो, हेही त्यांनी दाखविले. कर्करोग या एका नावाखाली अनेक रोग नांदतात आणि ते माणसाच्या राहणीशी जखडलेले असतात, ही गोष्ट आज सर्वमान्य आहे. तेव्हा ती सिद्ध करावी लागत होती.

यातूनच पैशाचा प्रश्न उभा राहिला. चुट्ट्याच्या कर्करोगावर न्यूयॉर्कने का खर्च करावा? टाटांच्या विश्वस्त निधीने रुग्णालय उभारले, परंतु दीर्घकाळ चालणारे मूलभूत संशोधन दानधर्मावर तगत नाही. १९५२ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या आश्रयाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले आणि खानोलकर त्याचे संस्थापक-संचालक झाले. नव्या राष्ट्राची तिजोरी भरलेली नव्हती, अन्नधान्याचीही चणचण होती. त्या स्थितीत हा निर्णय झाला, हे विशेष. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी येथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. पुढे रुग्णालय १९५७ साली आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले, आणि १९६६ साली दोन्ही संस्था एकत्र आल्या. कर्करोग अणुऊर्जेच्या छत्राखाली का, हे कोडे पुष्कळांना पडते. पण त्या विभागाचा हात सढळ होता, हे नाकारता येत नाही.

खानोलकर १९७८ साली निवर्तले. त्यांनी वर्णिलेल्या रोगांपैकी धोतराचा कर्करोग पेहरावाबरोबर मागे पडला. तंबाखूचा मात्र वाढला. भारतीय पुरुषांत आज मुखाचाच कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि तंबाखूवरील कर सरकारी तिजोरीत नियमाने जमा होतो. स्त्रियांच्या बाबतीत तर एक गोष्ट मनाला बोचते. गर्भाशयमुखाची तपासणी साध्या व्हिनेगरने करता येते आणि प्रशिक्षित आरोग्यसेविका ती करू शकतात, हे टाटा रुग्णालयाने मुंबईच्या झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांच्या पाहणीतून सिद्ध केले. १९९८ साली सुरू झालेल्या या पाहणीत मृत्यूंचे प्रमाण ३१ टक्क्यांनी घटल्याचे २०१३ साली जाहीर झाले. कल्पना आपली, रुग्ण आपले, सेविका आपल्या. पण पैसा अमेरिकी सरकारच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचा होता.

त्या संस्थेच्या स्वतःच्या खर्चात स्तनाचा कर्करोग वर्षानुवर्षे आघाडीवर आहे. तिच्या देशातील स्त्रियांचा तो प्रमुख कर्करोग असल्याने त्यात गैर काही नाही. शिवाय कोणत्या कर्करोगाच्या संशोधनावर किती डॉलर खर्च झाले, याचा तपशील ती दरवर्षी प्रकारवार प्रसिद्ध करते. अर्थसंकल्पावर चर्चा करताना आपल्या खासदारांनी आरोग्यमंत्र्यांकडे असाच तक्ता मागावा, आणि त्यातील मुखाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगापुढील आकडे आधी वाचावेत.