माती आणि गादी : खाशाबा जाधव यांची कारकीर्द

कुंभकोणमहून स्वामिमलैकडे जाताना वाटेत तिरुवलंचुळी हे गाव लागते. कपर्दीश्वराचे प्राचीन देवालय आणि त्यातील श्वेत विनायक यांसाठी ते प्रसिद्ध आहे. गावाच्या नावातील वलम् म्हणजे उजवी बाजू. कावेरी येथे उजवीकडे वळसा घेते, म्हणून हे नाव. स्थलपुराण असे सांगते की, पूर्वी येथे कावेरी एका विवरात लुप्त झाली होती. हेरंड ऋषीने त्या विवरात स्वतः उतरून देह ठेवला, तेव्हा ती पुन्हा वर आली आणि उजवीकडे वळून वाहू लागली. १६७६ च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य स्थापिल्यापासून १८५५ मध्ये ते खालसा होईपर्यंत या परिसरात मराठी भाषेचा राबता होता. त्यामुळे येथे बसून एका मराठी पुरुषाचे चरित्र लिहावे, यात फारसे नवल नाही. नवल असलेच तर ते हे चरित्र एका मल्लाचे आहे, यात. मात्र लुप्त झालेला प्रवाह पुन्हा प्रकट होण्याची कल्पना या चरित्राला लागू पडावी, अशी त्याची घडण आहे.

तौलनिक अभ्यासकाला तुलनेची सवय असते, आणि येथे तुलना आपण होऊन पुढे येते. मेक्सिकोतील व्यावसायिक कुस्तीचा सर्वांत प्रसिद्ध मल्ल एल सांतो, म्हणजे रोदोल्फो गुस्मान उएर्ता, ५ फेब्रुवारी १९८४ रोजी मरण पावला. त्याच वर्षी १४ ऑगस्टला कऱ्हाडजवळ मोटारसायकलच्या अपघातात खाशाबा दादासाहेब जाधव यांचा अंत झाला. पहिला आयुष्यभर रुपेरी मुखवटा घालून वावरला आणि त्या मुखवट्यासहच त्याचे दफन झाले. दुसऱ्याने उघड्या चेहऱ्याने, स्वतःच्या नावाने आणि देशाच्या नावाने कुस्ती केली. तरी स्मरणात राहिला तो मुखवटा, आणि चेहरा मात्र दीर्घकाळ विसरला गेला. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड तालुक्यात, गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः कुस्तीगीर होते आणि पाच मुलांत खाशाबा धाकटे. शेतकऱ्याच्या घरी तालमीचे वेड असणे ही त्या काळी कृष्णाकाठची सामान्य गोष्ट होती. जत्रेच्या फडात नारळावर, फेट्यावर किंवा चार रुपयांच्या इनामावर कुस्त्या लागत आणि गावाची अब्रू त्या लाल मातीत पणाला लागे. खाशाबांचे शालेय शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात झाले. ते तेथे शिकत असतानाच १९४२ ची चळवळ पेटली. सातारा जिल्ह्यात तिला भूमिगत रूप आले. भूमिगतांना आसरा देणे, त्यांची पत्रे पोहोचविणे, अशी कामे या शाळकरी पोराने केली. ज्या वर्षी मेक्सिको शहरात एका मल्लाने सांतो हे नाव आणि रुपेरी मुखवटा धारण केला, त्याच वर्षी कऱ्हाडच्या परिसरात माणसे नाव आणि चेहरा लपवून फिरत होती. दोहोंची कारणे मात्र सर्वस्वी भिन्न होती.

पुढे महाविद्यालयीन शिक्षणासाठी खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात आले. कोल्हापूर म्हणजे त्या वेळी मल्लविद्येचे पीठच. १९०२ मध्ये राजर्षी शाहू महाराज युरोपात गेले असता त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले. १९१२ पासून तेथे जंगी कुस्त्या होऊ लागल्या. पेठापेठांतून तालमी होत्या, वस्ताद होते, आणि मल्लांच्या खुराकाची व्यवस्था दरबार पाहत असे. अशा वातावरणात बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबा तयार झाले. अंगापिंडाने ते लहान होते. त्यांचा भर दांडगाईवर नव्हता, तर चपळाईवर आणि डावांवर होता. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत आवळून त्याला जमिनीवर आपटणारा ढाक हा डाव त्यांचा हातखंडा मानला जाई.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडनला पोहोचल्यावर जी अडचण पुढे उभी राहिली ती प्रतिस्पर्ध्यांची नव्हती, ती गादीची होती. तोवर खाशाबा मातीत लढलेले. माती पायाला धरते, अंगाला चिकटते, घामाने ओल्या झालेल्या प्रतिस्पर्ध्यावर पकड देते. गादी यांपैकी काहीच करीत नाही. शिवाय मातीतील कुस्ती निकाली असते. पाठ लागली की कुस्ती संपली, मग त्यास अर्धा तास लागो वा अर्धे मिनिट. गादीवर मात्र वेळ मोजला जातो आणि पंच गुण देतात. म्हणजे हा केवळ पृष्ठभागातील बदल नव्हे. ते एका व्याकरणातून दुसऱ्या व्याकरणात जाणे होते. अमेरिकेचे माजी कुस्तीगीर रीस गार्डनर यांनी तेथे त्यांना गादीवरचे शिक्षण दिले. अल्पकाळाच्या त्या तयारीवर खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांच्या मल्लांना हरविले. इराणच्या मन्सूर रईसीकडून त्यांचा पराभव झाला. फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. गादीचा जवळपास काहीच अनुभव नसलेल्या मल्लाच्या दृष्टीने हे यश असामान्यच म्हणावे लागेल.

नंतरची चार वर्षे त्यांनी या नव्या व्याकरणाच्या अभ्यासात घालविली आणि वजनाचा गट वाढवून ते बँटमवेटमध्ये आले. तथापि १९५२ च्या हेलसिंकीचा मार्ग सरळ नव्हता. याच तमिळ भूमीत, मद्रास येथे झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाच्या फरकाने त्यांना निरंजन दास यांच्या मागे ठेवण्यात आले. पंचांनी पक्षपात केला, अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली आणि पुन्हा कुस्ती लावण्याची विनंती केली. ती मान्य झाली, कुस्ती झाली आणि खाशाबांनी ती निर्विवाद जिंकली. निकाली कुस्तीच्या परंपरेत वाढलेल्या मल्लाने गुणांच्या निकालावर पुन्हा मैदानातच निकाल मागावा, हे त्या परंपरेला धरूनच झाले.

निवड झाली, पण पैसा नव्हता. मुंबई राज्य सरकारकडे केलेली मदतीची विनंती फळास आली नाही. गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी यथाशक्ति वर्गणी जमविली, कोल्हापूर-कऱ्हाडच्या व्यापाऱ्यांनी हातभार लावला, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका प्राध्यापकाने विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी स्वतःचे छप्पर गहाण टाकावे, ही घटना आपल्या शिक्षणाच्या इतिहासात नोंदली गेली पाहिजे. संस्थानी राजाश्रय संपला होता, लोकशाही शासनाचा आश्रय अद्याप सुरू झाला नव्हता. त्या मधल्या पोकळीत एक गाव आणि एक शिक्षक उभा राहिला.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आद्रियँ पोलिकँ, मेक्सिकोच्या लिओनार्डो बासुर्तो आणि जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झ यांना हरविले. पुढे जपानच्या शोहाची इशीशी त्यांची गाठ पडली. ही लढत दीर्घकाळ चालली आणि अगदी थोडक्या फरकाने इशीच्या बाजूने गेली. ते त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्णपदक ठरले. दोन लढतींच्या मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता. तो बाजूला ठेवून थकलेल्या खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हविरुद्ध उभे करण्यात आले. त्यांच्या वतीने नियम दाखवून भांडेल असा एकही भारतीय अधिकारी त्या क्षणी तेथे हजर नव्हता. ते ती कुस्ती हरले. सुवर्णपदक इशीला, रौप्यपदक मम्मदबेयोव्हला आणि कांस्यपदक खाशाबांना मिळाले. तो दिवस २३ जुलै १९५२ चा. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने मिळविलेले हे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव मांगवे फेदरवेट गटात चौथे आले. म्हणजे एका छोट्या शहराच्या तालमींतून गेलेले दोन मल्ल जगातल्या पहिल्या चारांत बसले, ही गोष्ट पदकाइतकीच विचारात घेण्यासारखी आहे.

परत आल्यावर कऱ्हाडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी पाव तासात संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी कित्येक तास लागले. त्यानंतर खाशाबांनी जे केले ते मिरवणुकीहून मोठे आहे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरविले, त्यांत स्वतः लढले, आणि मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे गहाण पडलेले घर सोडवून दिले. पदक देशाचे असले तरी त्याचे कर्ज आपले, असा त्यांचा हिशेब होता.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकची त्यांची तयारी होती, परंतु गुडघ्याच्या दुखापतीने तो मार्ग बंद केला. खात्यात त्यांनी अनेकांना कुस्ती शिकविली, खात्यांतर्गत स्पर्धा जिंकल्या, आणि दीर्घकाळ एकाच पदावर राहून अखेरीस सहायक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत ज्योत वाहून नेणाऱ्यांत त्यांचा समावेश झाला, हाच काय तो त्यांच्या हयातीतील मोठा राष्ट्रीय मान. त्यानंतर दोन वर्षांनी ते गेले.

आता मेक्सिकोकडे वळू. १९५२ हेच वर्ष सांतोच्याही चरित्रात निर्णायक आहे. त्या वर्षी होसे जी. क्रूस यांनी त्याच्यावर चित्रकथांची मालिका सुरू केली आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला सांतोने ब्लॅक शॅडो या मल्लाला हरवून त्याचा मुखवटा उतरविला. पुढे चित्रपट आले, त्यांची संख्या पन्नासावर गेली. तेथील व्यावसायिक कुस्तीत सज्जन आणि दुर्जन असे मल्लांचे दोन पक्ष असतात आणि झुंज ही मुळात एक कथा असते. त्या कथेला छापखाना, चित्रपटगृह आणि तिकीटविक्री यांचा आधार मिळाला. मुखवट्याला वय नसते, त्याला गुडघा नसतो, निवृत्तिवेतनाचा अर्ज नसतो. म्हणून तो टिकतो.

खाशाबांच्या पाठीशी असे कोणतेच कथेचे यंत्र नव्हते. हेलसिंकीत भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि त्या तेजात हे कांस्य झाकोळले. मराठी साहित्यातही तालीम आली ती बहुधा ग्रामीण कथेतील पार्श्वभूमी म्हणून. गादीवर जाऊन जगाशी लढलेल्या मराठी मल्लाचे चित्र तिने क्वचितच रेखाटले. येथे दोष कुणा एका व्यक्तीचा वा कार्यालयाचा नाही. स्मरण हेही एक काम आहे, ते कुणीतरी करावे लागते, आणि आपण ते केले नाही, इतकेच म्हणता येईल.

काळाने मात्र त्यांची किंमत स्वतःच मोजून दिली. दुसरे वैयक्तिक पदक भारताला लिअँडर पेसने १९९६ मध्ये मिळवून दिले, म्हणजे ४४ वर्षांनी. कुस्तीतील पुढचे पदक सुशील कुमारचे, २००८ मधले, म्हणजे ५६ वर्षांनी. आणि महाराष्ट्राच्या खेळाडूला पुन्हा वैयक्तिक पदक मिळाले ते २०२४ मध्ये पॅरिस येथे, कोल्हापूर जिल्ह्यातीलच स्वप्नील कुसाळे यांना नेमबाजीत, तब्बल ७२ वर्षांनी. प्रत्येक वेळी वृत्तपत्रांना मागे वळून गोळेश्वरच्या त्या मल्लाचे नाव शोधावे लागले. मरणोत्तर अर्जुन पुरस्कार लाभला आणि २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. पद्म पुरस्कार मात्र त्यांना हयातीत मिळाला नाही.

तिरुवलंचुळीच्या कथेत नदी वर आली ती एका माणसाने विवरात उतरण्याचे मान्य केले म्हणून. लोक कावेरीची पूजा करतात, त्याचबरोबर हेरंडाचे नावही घेतात. खाशाबांच्या कथेत अशी माणसे अनेक आहेत. वर्गणी देणारे शेतकरी त्यांत आहेत, गादीवरचे पाठ देणारा परदेशी शिक्षक आहे, घर गहाण ठेवणारा प्राचार्य आहे. पदकाच्या इतिहासात त्यांची नावे येत नाहीत. खाशाबांनी मात्र ती ओळखली होती, आणि पदक घेऊन परतल्यावर प्रथम त्यांनी शिक्षकाचे घर सोडविले. मल्लाची थोरवी त्याने किती पाठी मातीला लावल्या यावर मोजली जाते. या मल्लाच्या बाबतीत त्याने कोणते ऋण कसे फेडले, तेही त्याच हिशेबात धरावे लागेल.