कर्मवीर भाऊराव पाटील व रयत माउली लक्ष्मीबाई

विद्यार्थी मित्रहो, सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांत रयत शिक्षण संस्थेचे नाव ज्याच्या कानी पडले नाही असा मनुष्य विरळा. वटवृक्ष हे त्या संस्थेचे बोधचिन्ह. हा वृक्ष कर्मवीर भाऊराव पाटील यांनी लावला हे आपण जाणताच; परंतु रोपटे कोवळे असता ते कोणत्या त्यागावर जगले, हे ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या चरित्राचा बोध पूर्ण होत नाही.

भाऊरावांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर संस्थानातील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुक. हा तालुका त्या काळी सातारा जिल्ह्यात मोडत असे. पुढे १९४९ साली दक्षिण सातारा हा निराळा जिल्हा करण्यात आला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्हे भाऊरावांस आपले मानतात, आणि ते योग्यच आहे.

इंग्रजी शिक्षणाकरिता भाऊराव कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात दाखल झाले व तेथील जैन वसतिगृहात राहू लागले. त्या सुमारास शाहू महाराजांच्या आश्रयाने अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उघडण्यात आले. त्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्याचे त्यांनी साफ नाकारले, व त्यापायी त्यांस वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मॅट्रिकची पायरी त्यांस चढता आली नाही. ज्यास शाळेचा शेवटचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्यानेच पुढे सहस्रावधी मुलांसाठी शाळांची दारे उघडली, हा योग विलक्षण होय.

पुढे साताऱ्यास ते खासगी शिकवण्या करू लागले, व लोक त्यांस पाटील मास्तर म्हणू लागले. सन १९१० च्या सुमारास सांगलीजवळील दुधगावी त्यांनी आपल्या स्नेह्यांसह विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची सोय केली. त्यानंतर ओगल्यांचे कंदील व किर्लोस्करांचे नांगर विकण्याच्या निमित्ताने ते खेडोपाडी हिंडले. या भ्रमंतीत त्यांनी जे पाहिले ते त्यांच्या मनातून कधी गेले नाही. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरता येत होती. परंतु अक्षरशत्रू शेतकऱ्याचे कर्ज सावकाराच्या वहीत काय लिहिले जाते, हे त्यास कळण्याचा उपाय नांगरात नव्हता. तो उपाय शाळेत होता, आणि शाळा खेड्यापासून फार दूर होती.

दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. सन १९२४ मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले व तेथे वसतिगृह सुरू झाले. या वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान असा भेद नव्हता. सर्व मुले एका पंक्तीस बसत, आळीपाळीने स्वयंपाक करीत, आपले कपडे आपण धूत व बागेत कष्ट करीत. गरीब मुलास फुकट अन्न घालून त्यास मिंधे करावे, हे भाऊरावांस मान्य नव्हते. श्रम करून शिकणारा मुलगा ताठ मानेने शिकतो, अशी त्यांची श्रद्धा होती. कमवा व शिका ही योजना या श्रद्धेतूनच उगवली.

हे व्रत भाऊरावांनी घेतले खरे. त्याचा भार मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या चुलीवर पडला. त्या सोवळेओवळे कडकपणे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या होत्या. परजातीच्या मुलांस स्वयंपाकघरात घेणे हे त्यांस प्रथम किती जड गेले असेल, याची कल्पना आपण करावी. परंतु मुलांची दुखणीखुपणी काढता काढता तो अडसर गळून पडला, व त्या सर्वांच्या माउली झाल्या. वर्गणी गोळा करण्यासाठी भाऊराव गावोगाव फिरत. इकडे कणगी रिकामी होई. अशा वेळी लक्ष्मीबाईंच्या अंगावरील दागिने एकामागून एक बाजारात गेले. अखेर एके दिवशी मुलांस जेवू घालण्याकरिता काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. त्या काळच्या स्त्रीस मंगळसूत्र म्हणजे केवळ सोने नव्हते. शिलकीतून दिलेले दान व सौभाग्यलेणे मोडून दिलेले दान यांतील अंतर प्रत्येक आईस सांगावयास नको.

दि. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मात्र संस्थेचा पुढील विस्तार पाहणे लक्ष्मीबाईंच्या नशिबी नव्हते. सन १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. शिक्षक तयार करणारे विद्यालय साताऱ्यास निघाले ते १९३५ साली, महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले ते १९४० साली, आणि छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली. मुलींनी शिक्षिका व्हावे म्हणून संस्थेने साताऱ्यास जिजामाता अध्यापिका विद्यालयही चालविले. ज्या मातेने मुलांच्या भाकरीसाठी आपले लेणे दिले, तिच्या पश्चात खेड्यांतील मुली हाती खडू घेऊन वर्गासमोर उभ्या राहू लागल्या.

भाऊराव अनवाणी चालत व साधी खादी नेसत. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १०१ हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प केला. सन १९५९ मध्ये त्यांस पद्मभूषण हा किताब व पुणे विद्यापीठाची सन्माननीय डी. लिट. ही पदवी मिळाली. त्याच वर्षी दि. ९ मे रोजी त्यांनी देह ठेवला.

बालमित्रहो, आज आपणांपैकी कित्येकांची फी वडील वेळेवर भरतात, डबा आई भरून देते, म्हणून शिक्षण मिळणे ही सहज गोष्ट वाटते. कोणीतरी काही मोडल्यावाचून ते कोणासही मिळत नाही, एवढे स्मरणात ठेवा. आणि पालकांस एक नम्र विनंती. घरात पैशाची ओढ लागली की प्रथम मुलीचे नाव शाळेतून काढण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. तसा विचार मनात येईल त्या दिवशी साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघराची आठवण करावी. तेथे अडचण आपल्याहून थोर होती. तरीही शाळा मोडली नाही, लेणे मोडले.