डॉक्टर न झालेला मुलगा

आपल्यापैकी कित्येक जण आई-बाबांच्या इच्छेखातर इंजिनीअरिंगला आलेत. गाणं, नाटक वगैरे सगळं "डिग्रीनंतर बघू"! म्हणूनच मला नुसरत फतेह अली खान यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं. त्यांच्या घरात कव्वालीची परंपरा सुमारे ६०० वर्षांची मानली जाते. तरीही वडिलांची इच्छा एकच, मुलानं डॉक्टर व्हावं.

हे घराणं मूळचं जालंधरचं. फाळणीनंतर ते पाकिस्तानातल्या लायलपूरला, म्हणजे आजच्या फैसलाबादला गेलं. तिथे १३ ऑक्टोबर १९४८ रोजी नुसरत जन्मले. वडील उस्ताद फतेह अली खान स्वतः मोठे कव्वाल. पण कव्वालाला समाजात फारसा मान नाही, हे त्यांनी अनुभवलं होतं. मुलाची ओढ पाहून शेवटी त्यांनीच शिकवायला घेतलं. १९६४ मध्ये ते वारले आणि तालीम अर्धवट राहिली. ती काकांनी पुढे नेली. १९७१ मध्ये काका मुबारक अली खान गेल्यावर पार्टीची जबाबदारी नुसरत यांच्यावर आली.

कव्वाली ही मुळात दर्ग्यातली भक्ती. हार्मोनियम, तबला आणि मागे टाळ्या देत ओळ उचलणारे साथीदार. एकच ओळ फिरून फिरून येते, लय चढत जाते आणि ऐकणारा स्वतःला विसरतो. नुसरत यांनी त्यात वेगवान सरगमची अशी काही भर घातली की, भाषा न समजणारेही खिळून बसायचे. १९८५ मध्ये इंग्लंडच्या 'वोमॅड' महोत्सवात तेच घडलं. पुढे पीटर गॅब्रिएलच्या कंपनीनं त्यांच्या रेकॉर्ड काढल्या. १९९० च्या 'मस्त मस्त' अल्बममध्ये तर गिटारही आली. जुन्या श्रोत्यांपैकी काहींना हे मुळीच रुचलं नाही. पण त्यांनी पारंपरिक गाणंही सोडलं नाही. आपल्याकडे 'बँडिट क्वीन'चं संगीत त्यांचंच, आणि ए. आर. रहमानच्या १९९७ च्या 'वंदे मातरम्' अल्बममध्येही ते गायले.

त्याच वर्षी १६ ऑगस्टला लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. वय फक्त ४८! गादी पुतण्या राहत यांच्याकडे गेली. १९९० मधलं त्यांचं एक रेकॉर्डिंग तर २०२४ मध्ये 'चेन ऑफ लाइट' नावानं बाहेर आलं.

मला वाटतं, वडिलांची काळजी खोटी नव्हती. तिला उत्तर मात्र मुलानं भांडून दिलं नाही, रियाज करून दिलं. ज्या गाण्याला मान नव्हता, त्याला त्यानं जगभर मान मिळवून दिला. आपल्या "डिग्रीनंतर बघू"वाल्या गोष्टींसाठी आपण रोज किती वेळ देतो बरं?