विकरांचा लगाम आणि डॉ. कमला सोहोनी

काष्टीचा जनावरांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. तिथे बैल पारखायला येणाऱ्या जुन्या शेतकऱ्याला एक गोष्ट सांगावी लागत नाही : जनावराला हुलगे द्यायचे तर ते भिजवून किंवा शिजवून द्यायचे. घरातही तोच रिवाज. मटकी, हुलगे, वाल, तूर ही वाळलेली कडधान्ये कोणी कच्ची चावून पोट भरत नाही. ती तशी अंगी लागत नाहीत, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. या अनुभवामागचे एक महत्त्वाचे कारण मुंबईच्या प्रयोगशाळेत बारकाईने तपासले, ते डॉ. कमला सोहोनी यांनी.

कमलाबाईंचा जन्म विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुरुवातीला इंदूरला, भागवतांच्या घरात झाला. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते. बंगळुरूच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून बाहेर पडलेल्या पहिल्या काही विद्यार्थ्यांत त्यांची गणना होते. थोरली बहीण म्हणजे पुढे मराठी साहित्यात मोठे नाव मिळवणाऱ्या दुर्गाबाई भागवत. अशा घरातल्या मुलीने विज्ञान शिकावे यात घरच्यांना काही वावगे वाटले नाही. 1933 मध्ये त्या मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. परीक्षा पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. वडील आणि काका शिकले त्याच संस्थेत आपणही जायचे, हे त्यांनी गृहीतच धरले होते.

दार उघडले, पण अटींवर

संस्थेचे संचालक त्या वेळी सर सी. व्ही. रामन होते. 1930 चे नोबेल मिळालेले, देशभर मान असलेले शास्त्रज्ञ. कमलाबाईंचा अर्ज त्यांनी नाकारला. गुण कमी होते असे नव्हे. अर्जदार मुलगी होती, हेच कारण. वडिलांनी आणि काकांनी विनंती करून पाहिली, उपयोग झाला नाही. तेव्हा विशी-बाविशीतली ही मुलगी स्वतः बंगळुरूला गेली आणि संचालकांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह करण्याची तयारी तिने दाखवली.

अखेर प्रवेश मिळाला, तो अटींसह. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून नोंद नाही. संचालकांचे समाधान झाले तरच कामाला मान्यता. शिवाय संस्थेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. कमलाबाईंनी अटी मान्य केल्या आणि एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, कडधान्ये आणि डाळी यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केले. वर्षभरातच रामन यांचे समाधान झाले. पुढे संस्थेचे दार इतर मुलींसाठीही उघडले. कमलाबाईंच्या मनातला सल मात्र आयुष्यभर गेला नाही. उतारवयातही त्या हा प्रसंग जाहीरपणे सांगत.

1936 मध्ये एम.एस्सी. झाल्यावर त्या केंब्रिजला गेल्या. तिथे जीवरसायनशास्त्राची प्रयोगशाळा जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी नोबेल मिळवणाऱ्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या देखरेखीखाली होती. कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर आणि नंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम केले. बटाट्याच्या पेशींत त्यांना सायटोक्रोम-सी आढळले. लोह असलेले हे प्रथिन पेशीच्या श्वसनात इलेक्ट्रॉन एका टप्प्याकडून दुसऱ्याकडे पोहोचवते. प्राणी असो वा वनस्पती, पेशी ऊर्जा मिळवण्यासाठी सारखीच यंत्रणा वापरतात, हे दाखवणारे ते काम होते. त्यांचा प्रबंध अवघ्या 40 पानांचा होता आणि 1939 मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचे नाव घेतले जाते.

वालाच्या दाण्यातला अटकाव

परदेशात संधी असूनही त्या 1939 मध्येच परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केले. 1947 मध्ये एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईला आल्या आणि इथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. संशोधनासाठी त्यांनी विषय निवडला तो गरिबाच्या ताटातला : कडधान्ये, पालेभाज्या, भात, नीरा. ज्यांना दूध, अंडी, मांस परवडत नाही त्यांची प्रथिनांची गरज डाळीच भागवतात. त्या डाळीतले प्रथिन शरीराला खरोखर किती मिळते, हा त्यांचा प्रश्न होता.

इथे विकर म्हणजे काय ते पाहायला हवे. विकर म्हणजेच एन्झाइम. शरीरातली रासायनिक क्रिया वेगाने घडवून आणणारे प्रथिन. प्रत्येक विकराच्या अंगावर एक खोबण असते. ज्या पदार्थावर काम करायचे तो त्या खोबणीत बसतो, त्याचे रूपांतर होते आणि तो सुटतो. खाल्लेल्या प्रथिनांचे तुकडे करणारे ट्रिप्सिन हे असेच एक विकर. ते स्वादुपिंडातून निष्क्रिय रूपात येते आणि लहान आतड्यात पोहोचल्यावर कामाला लागते.

कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिनला अडवणारी प्रथिने असतात. ती ट्रिप्सिनच्या खोबणीत घट्ट अडकून बसतात, कुलपात किल्ली मोडून राहावी तशी. मग अन्नातले प्रथिन समोर असूनही तुटत नाही. 1950 च्या दशकाच्या मध्यावर कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय भाज्या आणि डाळींतले हे अटकाव करणारे घटक मोजले. वाल आणि डबल बी यांच्या दाण्यांतून ते वेगळे काढून त्यांचे गुणधर्म तपासले.

याचा परिणाम केवळ पचनापुरता राहत नाही. कच्च्या सोयाबीनवर वाढवलेली उंदरांची आणि कोंबड्यांची पिल्ले खुरटतात आणि त्यांचे स्वादुपिंड मोठे होते. आतड्यात मोकळे ट्रिप्सिन शिल्लक राहिले की स्वादुपिंडाला थांबण्याचा निरोप मिळतो. ट्रिप्सिन अडकून पडले की तो निरोप पोहोचत नाही आणि ग्रंथी विकरे ओततच राहते. त्यात शरीराची स्वतःची प्रथिने खर्ची पडतात. पशुखाद्यात सोयाबीन वापरताना त्यावर उष्णतेची प्रक्रिया करतात, ती यासाठीच.

मात्र अटकाव म्हणजे शत्रूच, असेही नाही. माणसाच्या स्वादुपिंडातही ट्रिप्सिनला आवरणारे प्रथिन असते. ट्रिप्सिन चुकून ग्रंथीतच जागे झाले तर ते ग्रंथीलाच पचवू लागते. स्वादुपिंडाच्या दाहाचे गंभीर रूप अशाच बिघाडातून उद्भवते. विकर काम करते हे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेवर थांबते हेही.

दुसऱ्या जागेवरून हलणारा लगाम

मुंबईत वालाच्या दाण्यांवर हे काम चालू असताना, 1956 मध्ये अमेरिकेत एडविन अंबार्गर यांना जिवाणूंमध्ये एक वेगळाच प्रकार दिसला. आयसोल्युसिन हे अमिनो आम्ल बनवायला जिवाणूला अनेक टप्पे लागतात. ते पुरेसे तयार झाले की पहिल्याच टप्प्यावरचे विकर मंदावते. साखर कारखान्याचे गोदाम भरले तर गव्हाणीत ऊस टाकणेच थांबवावे, अर्धवट रस मध्येच तुंबवू नये, तसा हा हिशेब. त्याच वर्षी यीट्स आणि पार्डी यांनाही दुसऱ्या एका विकराबाबत असेच आढळले.

कोडे पुढे होते. आयसोल्युसिनचा आकार त्या विकराच्या खोबणीत बसणाऱ्या पदार्थासारखा नसतो. मग ते विकराला अडवते कसे? पॅरिसमध्ये जाक मोनो, फ्रांस्वा जाकोब आणि झाँ-पिएर शांझो यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला याचे उत्तर मांडले. विकराच्या अंगावर खोबणीशिवाय आणखी एक जागा असते. नियंत्रक रेणू तिथे बसतो, त्यामुळे संपूर्ण विकराची ठेवण किंचित बदलते आणि दूरवरची खोबण आकसते किंवा खुलते. वेगळा आकार या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून याला अॅलोस्टेरिक नियंत्रण म्हणतात. अशी काही विकरे हलकेच तापवली असता त्यांचे काम चालू राहिले, पण लगाम गळून पडला. कामाची जागा आणि नियंत्रणाची जागा वेगवेगळ्या आहेत, याला त्यातून बळकटी मिळाली.

वालातला अटकाव आणि हे नियंत्रण यांत फरक आहे. वालातले प्रथिन खोबण बुजवते. अॅलोस्टेरिक रेणू खोबणीला हात न लावता विकराचा वेग कमी करतो किंवा वाढवतोही. आपल्या स्नायूंत साखर जाळण्याच्या मार्गावर असे एक विकर असते. ऊर्जेचे नाणे असलेले एटीपी भरपूर असेल तर तेच या विकराच्या दुसऱ्या जागेवर बसून त्याला आवरते. माणसाने पोते उचलले, एटीपी खर्च झाले की एएमपी वाढते आणि तेच विकर पुन्हा वेग घेते. मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता पेशी स्वतःच हा हिशेब सांभाळते. औषधांतही हे तत्त्व वापरले जाते. एचआयव्हीच्या रुग्णांना दिले जाणारे एफाविरेन्झ विषाणूच्या विकराच्या खोबणीत बसत नाही. ते शेजारच्या वेगळ्या जागेवर बसून त्याला निकामी करते.

प्रयोगशाळेतून ताटापर्यंत

कमलाबाईंनी ताटातल्या अन्नाचा माग सोडला नाही. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुले आणि गर्भवती स्त्रिया यांना नीरेचा फायदा होतो, असे त्या कामातून दिसले आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी सल्ला दिला. मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद मात्र त्यांच्याकडे यायला हवे त्यापेक्षा बरेच उशिरा आले. निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत उतरल्या आणि अन्नातली भेसळ कशी ओळखावी, हे सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत लिहीत राहिल्या.

नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांनी वयाची ऐंशी वर्षे ओलांडली होती.

त्यांच्या कामाचा घरातला उपयोग सोपा आहे. कडधान्य रात्रभर भिजवावे, भिजवलेले पाणी टाकून द्यावे, जमल्यास मोड आणावेत आणि नीट मऊ शिजवावे. उष्णतेने ट्रिप्सिन अडवणाऱ्या प्रथिनांचा बहुतेक भाग निकामी होतो. मोड आलेले वाल किंवा राजमा कच्चे खाणे पौष्टिक समजू नये. वाढत्या वयातली मुले, गर्भवती स्त्रिया आणि आजारातून उठलेली माणसे यांच्यासाठी तर डाळ पूर्ण शिजलेलीच हवी. विकत आणलेल्या डाळीतले प्रथिन त्यांच्या अंगी लागणे न लागणे बरेचसे त्या शिजवण्यावर अवलंबून असते.