हबशी गुलाम ते निजामशाहीचा पेशवा : मलिक अंबर
(बी. ए. भाग २)

गुलाम म्हटला की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतील कापसाचे मळे उभे राहतात. ते साहजिकच आहे. १८६१ ते १८६५ या काळात तिकडे यादवी युद्ध झाले, तिथला कापूस येईनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी आपल्या वऱ्हाडाकडे धाव घेतली. आपल्या काळ्या मातीत तेव्हा जो पैसा आला त्याचा धागा असा दूरवर, त्या मळ्यांपर्यंत पोचतो. परंतु आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून याच्या कितीतरी आधी प्रत्यक्ष आपल्या दख्खनमध्ये येत होती, आणि त्यांपैकीच एकाने दख्खनचे राज्य पंचवीस वर्षे आपल्या हातांवर तोलून धरले. त्याचे नाव मलिक अंबर.

त्याचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. मूळ नाव चापू. आईबापांनी गरिबीपायी विकला असे काही जण म्हणतात, लढाईत धरून नेला असे काही. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरात तो ८० डच गिल्डरांना विकला गेल्याची नोंद आहे. पुढे तो बगदादला गेला. तिथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, हिशेब शिकवला, मुसलमान केले आणि अंबर हे नाव दिले. त्यानंतर त्याला दख्खनमध्ये आणून अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याला विकण्यात आले. गंमत अशी की हा चंगीझखान स्वतःच एके काळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी असे सुमारे हजार हबशी होते!

येथे दख्खनची रीत समजून घेतली पाहिजे. मळ्यातील गुलामाची मुलेही गुलामच जन्मत. दख्खनच्या दरबारात मात्र गुलाम हवे असत ते तलवारीसाठी. त्यांना इथे भाऊबंद नाहीत, वतन नाही, म्हणून ते धन्याशी इमानी राहतील असा त्यामागचा हिशेब. धनी मेला की पुष्कळदा त्यांची सुटका होई व ते स्वतंत्र शिपाई होत. अंबरचेही तसेच झाले. १५७५ च्या सुमारास चंगीझखान वारला, त्याच्या विधवेने अंबरला मोकळे केले. पुढची वीसएक वर्षे तो भाड्याचा शिपाई म्हणून हिंडला. विजापुरात त्याला मलिक हा किताब मिळाला.

माझे आजोबा सालदार होते. पाडव्याला साल ठरे, उचल मिळे आणि मग वर्षभर रात्र पाटलाच्या गोठ्यात. सालदार म्हणजे गुलाम नव्हे, हे मला समजते. साल संपले की त्याला दुसरे घर धरता येई. तरी उचल फिटली नाही तर तेच साल पुन्हा धरावे लागे, हेही मी घरात ऐकले आहे. म्हणून मोकळा झाल्यावर अंबरने पहिल्या दिवशी काय केले असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. मूळ गावी परतण्याची वाट त्याला राहिली नव्हती. त्याने लग्न केले, घोडे जमवले.

१५९५ मध्ये तो निजामशाहीत परत आला तेव्हा त्याच्याजवळ दीडशेच्या आसपास स्वार होते. तो काळ आपल्याकडे मोठ्या उलथापालथीचा होता. १५९६ मध्ये चांदबिबीला वऱ्हाड मोगलांना द्यावा लागला. आपले वाशीम अकबराच्या दप्तरात एक सरकार म्हणून लिहिले गेले ते याच सुमारास. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्लाही पडला, चांदबिबी आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली. राज्य संपले असे सर्वांनी धरले. अंबरने धरले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एक तरुण शोधून काढला, परिंड्याला त्याच्या डोक्यावर छत्र धरले, आपली मुलगी त्याला दिली आणि कारभार स्वतः पाहू लागला. १६०२ मध्ये नांदेडजवळच्या लढाईत तो जबर जखमी झाला, पण वाचला.

त्याची ताकद कशात होती? मोगलांजवळ मोठ्या तोफा होत्या, अफाट फौज होती. अंबरजवळ डोंगर होते आणि मराठे होते. १६१० च्या सुमारास एका इंग्रज व्यापाऱ्याने त्याच्या फौजेत १०,००० हबशी व ४०,००० दख्खनी असल्याचे नमूद केले आहे. हलके मराठे स्वार मोगलांची रसद तोडत, रात्री छावणीवर पडत आणि समोरासमोर उभे न राहता निघून जात. मोगल सेनापती येत आणि बदलून जात. जहांगीर बादशहा तर इतका चिडला होता की आठवणी लिहिताना अंबरचे नाव शिवी जोडल्याशिवाय घेत नसे. अबुल हसन या चित्रकाराने काढलेले एक चित्र आहे. त्यात जहांगीर भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. प्रत्यक्षात ते मुंडके बादशहाला कधीच मिळाले नाही. कागदावर मात्र त्याने ते मारून घेतले.

फंदफितुरी मात्र अंबरला भोवली. अकोल्याजवळच्या बाळापुरात मोगलांची छावणी होती. सिंदखेडचे लखुजी जाधव, माहूरकडचा उदाराम असे मातबर सरदार तिकडे जाऊन मिळाले आणि १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला. मोगलांनी त्याची नवी राजधानी खडकी जाळली. हे सगळे आपल्या परिसरातले लोक. त्यांना केवळ फितूर म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. मोगली अमलाखालच्या वऱ्हाडात ज्याचे वतन होते त्याला खडकीपेक्षा बाळापूर जवळचे वाटले असणार.

दरबारातही त्याचे जन्मपण त्याला सोडत नव्हते. डच व्यापारी व्हॅन डेन ब्रूक १६१७ मध्ये त्याला भेटला होता. त्याच्या लिखाणानुसार, सुलतानाच्या इराणी राणीने अंबरच्या मुलीला गुलामाची पोर म्हणून हिणवले आणि अंबरने त्या राणीवर व सुलतानावरही विषप्रयोग करवला. १६१० नंतर गादीवर लहान मुलगा दिसतो एवढे खरे. अंबरला निव्वळ देवमाणूस करणाऱ्यांनी ही बाजूही वाचावी. शिवाय स्वतः बाजारात विकला गेलेला हा माणूस पुढे हबशी गुलाम विकत घेतच राहिला.

पण शेतकऱ्याच्या मुलाला त्याची आठवण ठेवावी लागते ती जमिनीसाठी. त्याने इजाऱ्याची पद्धत मोडली. इजारदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून हवे ते उपटी. अंबरने जमिनीचा कस पाहून प्रतवारी केली, मिरासदारांचा हक्क मानला. सारा आधी पिकाचा दोन पंचमांश धान्यात असे; पुढे तो सुमारे एक तृतीयांश किमतीइतका रोकड ठरला. पीक पाहून आकारणी होई. ही मलिकंबरी पद्धत त्याच्यामागेही नावानिशी टिकली, आणि मराठी राज्यातील महसुलाला तिचा आधार मिळाला.

दुसरे काम पाण्याचे. खडकीला नदी तोकडी, म्हणून डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरात आणणारी नहर-ए-अंबरी त्याने १६१७ च्या सुमारास बांधली. तिचे अवशेष अजून दिसतात. पाण्याची हीच समज १६२४ मध्ये भातवडीला उपयोगी पडली. मोगल व आदिलशाही फौजा एकत्र चालून आल्या तेव्हा त्याने तलावाचा बांध फोडून त्यांच्या तळावर चिखल केला आणि मग हल्ला चढवला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. शिवभारतातही अंबरच्या शौर्याचा गौरव आहे.

१६२६ मध्ये, ऐंशीच्या घरात, अंबर वारला. त्याची कबर खुलताबादेत आहे, पत्नी बीबी करीमाचीही तेथेच. मुलगा फत्तेखान याच्या नावाने खडकीचे फत्तेनगर झाले, नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. फत्तेखानाने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हवाली केला. तेव्हा शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातील एक लहान मूल शोधले, पेमगिरीच्या किल्ल्यावर त्याला गादीवर बसवले आणि १६३६ पर्यंत त्याच्या नावाने कारभार चालवला.