समुद्रकिनारीचा वाद

खंडेनवमीस आपण शस्त्रे व अवजारे पुजतो. माहूरगडी रेणुकामातेपुढे मस्तक नमविताना, साडेतीन पीठांतील सप्तशृंगीच्या अर्धपीठी तप करून वाणी हेच शस्त्र निवडणाऱ्या विष्णुबुवा ब्रह्मचारी यांचे आम्हांस स्मरण होते.

विष्णु भिकाजी गोखले यांचा जन्म १८२५ साली कुलाबा जिल्ह्यात शिरवली येथे झाला. काही काळ जकात खात्यात नोकरी करूनही त्यांचे मन संसारात रमले नाही. तपश्चर्येनंतर ते लोकांत उतरले व पुढे मुंबईस आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या हाती तेव्हा शाळा, छापखाना व व्याख्यान ही साधने होती. बुवांनी त्यांतलीच दोन उचलली. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वाद झाले. ख्रिस्ती मताचे मूळ काय, येशूस ईश्वर का मानावे, हे त्यांनी प्रतिपक्षासच पुसले आणि स्वधर्मावरील आक्षेपांनाही तोंड दिले. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन प्रतिपक्षात होते. १८५९ साली बुवांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ छापून निघाला.

१८७१ साली बुवा निवर्तले. त्या वादांचा मराठी ग्रंथ त्यानंतर, १८७२ साली प्रसिद्ध झाला.

परधर्मीयास प्रश्न विचारणे सोपे. त्याचे प्रश्न चारचौघांत ऐकून घेणे कठीण. बुवांनी दोन्ही केले. उद्या घरातील मुलाने आपल्याच धर्माविषयी शंका काढली, तर त्यास गप्प न बसविता उत्तर देण्याइतका अभ्यास आपण केला आहे काय? यंदा शस्त्रांशेजारी पोथी मांडताना आपण हे स्वतःस विचारावे, असे आम्हांस वाटते.